भट्टीचं दार

दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. आतली काच तयार झाली की नाही, हे ते नुसत्या रंगावरून सांगत. ती भट्टी कधी विझू देत नाहीत. ताई म्हणायची, "सवत आहे माझी. मला उपाशी ठेवतील, तिला नाही."

मुलगा गेला आणि दाजी भट्टीसमोर उभे राहीनात. पंचविशीतला मुलगा, आपल्या हातानं जीव देऊन गेला. लहानपणी दिवा असल्याशिवाय झोपायचा नाही, म्हणून आम्ही त्याला काजवा म्हणायचो. दफनाच्या वेळी दाजींचा एक चुलतभाऊ कुजबुजला, "असं जाणाऱ्याच्या नशिबी आगच." ते दाजींच्या कानावर पडलं. पुढे कामावर गेले, भट्टीचं दार उचललं आणि तसेच घरी परतले.

मालकानं बरेच दिवस कळ काढली. मग निरोप आला, सोमवारी या, नाहीतर दुसरा माणूस बघतो. ताई मला म्हणाली, "तू त्यांना गुरुजींकडे घेऊन जा. माझं ऐकत नाहीत." मी बोलण्यात कच्चा. पण गेलो.

आमच्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत म्हातारे गुरुजी पुस्तकं झटकत बसले होते. दाजींनी उभ्याउभ्याच विचारलं, "माझा पोरगा आगीत आहे का?"

"कोण म्हणालं?"

"आमचा चुलतभाऊ."

"तो कधी जाऊन आला?"

दाजी हसले नाहीत. मग गुरुजींनी त्यांना बसवलं. म्हणाले, "आपल्या सगळ्यात जुन्या ग्रंथांत असा आगीचा नरक नाही. तिथं शिओल आहे. जमिनीखालची जागा. राजा असो, गुलाम असो, चांगला असो, वाईट असो, सगळे तिथंच."

"मग आग कुठून आली?"

"आपल्या पूर्वजांच्या नगराबाहेर हिन्नोमची दरी होती. तिथं लोकांनी आपलीच लेकरं दैवतापुढे जाळली. त्या पापाची एवढी दहशत बसली, की पुढे दरीचं नाव शिक्षेच्या जागेला मिळालं. तरी पुष्कळ पंडित म्हणत, बहुतेकांची शिक्षा वर्षभरात संपते."

मला हायसं वाटलं. दाजींनी मात्र विचारलं, "त्या शिओलमध्ये काय असतं?"

गुरुजी सरळ माणूस. "अंधार," म्हणाले. "आणि शांतता."

"दिवा वगैरे काही नाही?"

गुरुजींच्या तेव्हा लक्षात आलं की काहीतरी चुकलं. "अहो, ही जुन्या लोकांची समजूत. खरं कुणाला माहीत?"

"आगीला निदान उजेड तरी असतो हो," दाजी म्हणाले आणि उठले.

सोमवारी दाजी कामावर गेले. ताईला इतका आनंद झाला की तिनं डबा माझ्या हाती दिला, "बघून ये, खरंच उभे आहेत का."

उभे होते. भट्टीचं दार वीतभर उघडं होतं. मुकादम ओरडत होता, "दार लावा! साऱ्या गावाला शेकताय का?"

"लावतो, लावतो," दाजी म्हणाले, पण लावलं नाही. त्यांची नजर भट्टीत नव्हतीच. पाठीमागे, जिथं फुटक्या काचांच्या ढिगापलीकडे काळोख होता, तिकडे ते बघत होते.

"उजेड कुठवर पोचतोय रे?" त्यांनी मला विचारलं.

"भिंतीपर्यंत, दाजी."

त्यांनी दार आणखी थोडं उचललं.

"आता?"