बर्फाचा ढीग कुठे टाकायचा

एटीव्हीला, म्हणजे चार जाड चाकांच्या छोट्या उघड्या गाडीला, पुढे प्लाऊचं पातं लावून बर्फ काढणाऱ्याला हिवाळ्याच्या सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते. ढीग कुठे टाकायचा? डिसेंबरात पातं जिथे बर्फ नेऊन सोडतं तिथे तो दगड होतो, आणि पुढचा सगळा बर्फ त्याच्याच उरावर चढतो. दोन हिवाळे मी ढीग पार पत्रपेटीच्या पलीकडे नेऊन टाकत होतो. सोयीची जागा आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधे होती. पण ती मी मोकळी ठेवायचो, बायकोला शेजारी जायला वाट राहावी म्हणून.

आमचं घर माझ्या शॉमबर्गमधल्या ऑफिसपासून बरंच लांब आहे. इथे घरं परवडतात आणि दारापासून रस्त्यापर्यंतचे खडीचे ड्राइव्हवे संपता संपत नाहीत. बायको डिपेंडंट व्हिसावर आलेली, कामाची परवानगी नाही, गाडी चालवताही तेव्हा येत नव्हती. मी निघालो की दिवसभर ती आणि स्वयंपाकघराची खिडकी. जवळपास मराठी घर एकच, शेजारचं. काका-काकू रिटायर्ड, मूळचे पुण्याचे, अर्धं आयुष्य इथेच गेलेलं. काकूंकडे बायकांचा राबता असायचा. हिची तिथे ऊठबस व्हावी, एवढंच मला हवं होतं. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून आमचा ड्राइव्हवे झाला की मी एटीव्ही तसाच त्यांच्याकडे वळवायचो.

मला त्या कामाची लाज कधी वाटली नाही, आजही नाही. जुना एटीव्ही मीच शोधून आणला, पातं मीच बसवलं, चाकांना साखळ्या मीच घातल्या. खडीवर पातं बोटभर उचलून धरायचं, नाहीतर बर्फाबरोबर खडीही लॉनवर जाते, हे खडी उडवूनच शिकलो. माझे वडील रोड रोलरवर ड्रायव्हर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कोणालाही छाती फुगवून सांगतो. काकांनाही सांगितलं होतं. ते खिडकीतून माझं काम बघत कॉफी पीत होते, दार उघडून म्हणाले, "म्हणजे रक्तातच आहे म्हण की तुझ्या. आमच्या हातून नसतं झालं बाबा हे." मी हसलो. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी काकूंकडे हळदीकुंकू होतं. आदल्या दिवशी काकांचा फोन आला. उद्या बायका येणार आहेत, गाड्या बऱ्याच असतील, तेव्हा सकाळी लवकर काढ आणि कडेनं पार्किंगलाही जागा करून ठेव. हिच्याबद्दल काही बोलले नाहीत. ही म्हणाली, मला कुठे बोलावलंय? मी तिला वेड्यात काढलं. आमच्या गावाकडे लांबच्या घरांना निरोप जातो, भिंतीला भिंत लागून असलेल्या बाईला कोणी आमंत्रण देत नाही. ती न सांगताच येते, नाही आली तर रुसवा होतो. हे सगळं मी तिला मोठ्या आत्मविश्वासानं समजावलं. तिनं लग्नातली हिरवी साडी काढली, पायात स्नोबूट घातले, आणि मी साफ केलेल्या वाटेनं निघाली. मी गराजच्या दारातून बघत होतो. बरं वाटत होतं.

ती फार लवकर परतली. मी विचारलं, तर आधी बूट काढले, मग साडीची काठाकडची ओली बाजू झटकत राहिली. थोडं थोडं करून सांगितलं. दारात काकू म्हणाल्या, "अगं, तू?" मग आत घेतलं. जमलेल्या बायकांना ओळख करून दिली, "ही आपल्या बर्फवाल्याची बायको." सगळ्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, असं ही आवर्जून म्हणाली. एकीनं हिलाच विचारलं, "आमच्याकडे येतील का हो? किती घेतात?" काकूंनी परस्पर उत्तर दिलं, छे, पैसे कसले. वाण म्हणून सगळ्यांना पितळी करंडे होते, कागदात बांधलेले, मोजून आणलेले. हिच्या वेळी काकू आत गेल्या आणि फडताळातली स्टीलची वाटी घेऊन आल्या.

"तिथे कोणी नाव नाही विचारलं माझं," ती म्हणाली. रडली नाही. वाटी ओट्यावर ठेवली आणि कुकर लावला.

मी एमएस आहे. ज्या ऑफिसात काकांचा मुलगा काम करतो तसल्याच ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत. काकांना हे माहीत होतं, काकूंनाही. पण मी त्यांच्या दारात बर्फ काढला, आणि वर वडिलांचा रोलरही सांगितला, तेवढ्यावरून त्यांनी माझी जागा ठरवून टाकली. ती जागा मला चाललीही असती. हिला दिली, ते नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बर्फ पडला. काकांचा फोन आला, डॉक्टरांकडे जायचंय. म्हाताऱ्या माणसाला मी अडकवून ठेवणार नव्हतो. त्यांचा ड्राइव्हवे नेहमीसारखा खडीपर्यंत साफ केला. फक्त या वेळी पातं डावीकडे वळवलं आणि त्यांचा, माझा, सगळा बर्फ दोन घरांच्या मधे नेऊन रचला. काका दारात आले. अरे, ही वाट का बुजवतोस, म्हणाले.

"ती आता तुमच्याकडे येणार नाही, काका. मग वाट कशाला ठेवू? आणि पुढच्या वेळेसाठी एखादा कॉन्ट्रॅक्टर बघून ठेवा."

"बायकांच्या बोलण्याचं काय एवढं मनावर घेतोस?"

मी अंगठ्यानं थ्रॉटल दाबला, इंजिन गरजलं. त्या आवाजात ते पुढे काय बोलले, मला ऐकू आलं नाही.

कॉन्ट्रॅक्टर त्यांनी लगेच लावला. तो पिकअप घेऊन येतो आणि त्यांची खडी दरवेळी लॉनवर उडवून जातो. ती वाटी माझ्या गराजमध्ये आहे, प्लाऊचे नटबोल्ट ठेवायला बरी पडते. ढीग एप्रिल लागला तरी होता, वरून काळा, आतून दगड. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी काकूंचं दार दिसायचं, आता तोच दिसत होता. एकदा मी म्हटलं, फोडून टाकू का? उजेड अडतोय तुझा.

ती भाजी चिरत होती. "राहू द्या," म्हणाली, आणि दिवा लावला.