लॅपटॉपची साक्ष

त्या दिवशी सकाळी एक मुलगी घरातून निघाली आणि संध्याकाळपर्यंत परतली नाही. तिचे वडील गेल्या महिन्यात वारले, म्हणून हे लिहायला बसलो आहे. ते असते तर लिहिलं नसतं.

मी तेव्हा नागपूरजवळ खापरखेड्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मुलीचे वडील वीज केंद्रात तंत्रज्ञ, निवृत्तीला आलेले. पत्नी आधीच गेलेली. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ठाणे अंमलदार मिसिंगची नोंद घेत होता आणि हे गृहस्थ उभेच. बसा म्हटलं तरी बसेनात.

"घरी काही झालं होतं का?" मी विचारलं.

ते म्हणाले, "साहेब, लॅपटॉपवर घाण घाण साइटा दिसल्या. एकट्या पोरांशी बोला, पाच मिनिटात कर्ज घ्या. मी विचारलं, हे काय करून राहिली तू? ती म्हणे, मी नाही केलं. माझा हात उठला."

लॅपटॉप पंचनामा करून ताब्यात घेतला. ब्राउझरची हिस्टरी काढली. अनोळखी माणसांशी गप्पा, झटपट कर्ज, पत्त्यांचे डाव, पानामागून पान तेच. आता लपवण्यात अर्थ नाही, मीही तेच मानलं जे बापाने मानलं होतं. पोरगी कुणाच्या तरी जाळ्यात आहे. तिचा मोबाइल बंद होता. शेवटचा टॉवर पारशिवनीच्या वाटेवरचा. त्या बाजूला पेंचचा कालवा आहे आणि कालव्याला तेव्हा पाणी सोडलेलं होतं. हे मी वडिलांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, पण भिंतीवरचा हद्दीचा नकाशा ते पुन्हा पुन्हा बघत होते.

शेवटचा कॉल एका मैत्रिणीला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आईसोबत बोलावलं. महिला शिपाई समोर बसली.

"काय वं, तुले माहीत आहे ना ती कुठं आहे?"

"मले काही माहीत नाही, मॅडम."

"मग रडून काहून राहिली?"

"तुम्ही वरडून राहिले म्हणून."

तिच्या आईने तिला कोपराने ढोसलं. तरी ती बोटं ओढणीत गुंडाळत राहिली. खोटं बोलणारा माणूस बहुधा दाराकडे बघतो. ही मुलगी बाहेर बाकावर बसलेल्या मैत्रिणीच्या वडिलांकडे बघत होती. तिला भीती आमची नव्हती.

तेवढ्यात आमचा हवालदार माझ्या खोलीतून ओरडला. त्याची काटोलकडे संत्र्याची बाग. हिस्टरी तपासता तपासता त्याने त्याच लॅपटॉपवर कळमना बाजारातला संत्र्याचा भाव शोधला होता. शिस्तीत बसणारं नव्हतं ते.

"साहेब, या बरं इकडं! मी संत्र्याचा भाव पाहून राहिलो, अन् ही स्क्रीनवरची बाई म्हणते माझ्याशी मैत्री करा! माह्या वयाचा तरी विचार करा म्हणा!"

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि 'पोहे' असा शब्द टाकला. आमच्या ओळखीचं शोधपान आलंच नाही. दुसरंच काही उघडलं, वर कर्जाच्या जाहिराती, आणि मागे आपोआप आणखी एक पान. हिस्टरीत पाहिलं तर माझ्या नावावरही तेच पाप जमा झालं होतं.

सायबर सेलच्या मुलाने फोनवरून वाट दाखवली. ब्राउझरला एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जादा प्रोग्राम, जोडलेलं होतं. फुकटात कागदांची पीडीएफ लहान करून देणारं. शोधाची सेटिंग तेच बदलत होतं, जाहिराती तेच उघडत होतं. मी वडिलांना आत बोलावलं आणि ते नाव दाखवलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे तर मी टाकलं," ते म्हणाले. "पेन्शनचे कागद अपलोड होत नव्हते. फाइल मोठी आहे म्हणे. ती कॉलेजले गेली होती."

मग ते स्वतःच उठून मैत्रिणीसमोर गेले. "बेटा, तिनं काही नाही केलं. ते माह्या हातचं होतं."

मैत्रिणीने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "पारशिवनीले आहे, काका. माह्या मावशीकडे. तुम्ही तिथं येऊन माराल म्हणून सांगू नको म्हणे."

दुपारी त्यांच्या मुलीला जबाबासाठी आणलं. वडील पुढे झाले. हात जोडले होते. "कॉम्प्युटरची चूक होती बेटा. आता समजलं मले."

ती शांतपणे म्हणाली, "कॉम्प्युटरनं सांगितलं तेव्हा समजलं. मी सांगून राहिली होती, तेव्हा काहून नाही समजलं, बाबा?"

मुलगी सज्ञान होती. कुठे राहायचं ते तिने जबाबात लिहून दिलं, शहरातलं वसतिगृह. मी मिसिंगचं प्रकरण निकाली काढलं.

नोकरीत मी पुरावे मानत आलो, माणसाचा शब्द नंतर. कोर्टात तेच लागतं. पण घर हे कोर्ट नाही. तिथे शब्द आधी ऐकावा लागतो. पुरावा मागाहून आला तर त्याचा उपयोग कागदापुरता.

पुढे ते गृहस्थ आणि मी वाचनालयात भेटू लागलो. मुलगी सणाला यायची, जेवायची, संध्याकाळच्या बसने परत जायची. बापलेकीत त्या दिवसाचा विषय निघाला नाही, असं ते सांगत. अंत्यविधीला ती आली होती. सगळं तिनेच केलं.

ती आता नागपुरात नोकरी करते. वडिलांचं घर रिकामं झालं आहे.