नियमातलं त्यांचं वाक्य

बोलायचं असलं की काका आधी हात वर करायचे. शाळेतल्या पोरासारखा, कोपर सरळ, पंजा पंख्याच्या दिशेने. कोणी नाव घेईपर्यंत हात खाली येत नसे. मग उभे राहून म्हणायचे, "मले एकच इचाराचं हाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात दुसऱ्या रांगेत बसणारी, रक्तदान शिबिराच्या फोटोत अगदी कडेला उभी असणारी. लाखनीला हायवेवर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. वर्तमानपत्रात आलेले ते फोटो लॅमिनेट करून रंगाच्या डब्यांवर टांगलेले असत.

मी ज्या फार्मसी कॉलेजात नोकरी करते, तिथे उंदरांवर आणि सशांवर प्रयोग होतात. अशा ठिकाणी एक समिती असावी लागते आणि तिच्यात शास्त्रज्ञ नसलेला, पण समाजाची जाण असलेला एक माणूस असावा लागतो. सरकारचा तसा नियमच आहे. आमच्या प्रिन्सिपल सरांनी त्यासाठी काकांना चहा संपायच्या आत निवडलं. "शाल दिली की खूश, सही मागितली की तयार," असं ते हसत म्हणाले होते.

कागद सगळे इंग्रजीत. म्हणून मला काकांच्या शेजारी बसवलं, हळू आवाजात मराठी करून सांगायला. मी मीटिंगमध्ये बोलत नाही, कुजबुजणं मात्र जमतं. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी शब्द ऐनवेळी सापडायचे नाहीत. प्रयोग संपल्यावर प्राणी मारण्याला आमच्याकडे 'सॅक्रिफाइस' म्हणतात. पहिल्याच मीटिंगला मी कुजबुजले, "मग त्यांचा बळी देतात."

काकांचा हात वर गेला. "मले एकच इचाराचं हाय. कोन्या देवाले जी?"

सगळे हसले. नागपूरहून आलेले सरकारी प्रतिनिधीही हसले. काका उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

पाठीवर औषध लावून पाहिलेले, अगदी धडधाकट ससेसुद्धा काम झालं की मारतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं.

"बिमार रायतेत का ते?"

"नाही, काका."

"चावतेत?"

"नाही."

"मंग काहून?"

ठेवायला जागा नाही, चारा कोण घालणार, हे उत्तर मला माहीत होतं. इंग्रजीत ते बरं वाटायचं.

पुढे दिल्लीहून नव्या नियमांचा मसुदा आला. असा मसुदा आला की लोकांनी हरकती आणि सूचना पाठवायच्या असतात आणि कुठेतरी कोणीतरी त्या वाचतं असं मानायचं असतं. आमच्या कॉलेजने 'सूचना नाहीत' असं कळवून टाकलं. काकांनी स्वतःची सूचना लिहिली, मी तिचं इंग्रजी केलं. एकच वाक्य होतं. प्रयोगानंतर निरोगी असलेल्या प्राण्याला मारू नये, सांभाळायला द्यावं.

मसुद्यावर नागपूरला चर्चासत्र झालं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. कंपन्यांची माणसं, प्राध्यापक, प्राणिमित्र एकमेकांवर इंग्रजीत तुटून पडत होते आणि काका हात वर करून बसले होते. एक हात दुखला की दुसरा. माईक त्यांच्यापर्यंत आला तेव्हा अर्धा हॉल जेवायला उठला होता. त्यांनी आपलं वाक्य उरलेल्या खुर्च्यांना सांगितलं. समोरचे एक अधिकारी मात्र लिहून घेत होते.

नियम छापून आले तेव्हा ते वाक्य त्यात होतं. दुकानात खिळे घ्यायला आलेल्यालाही काकांनी पेढा दिला. "सरकारच्या नियमात माहं वाक्य हाय बापा." मग मला फोन केला. "पोरी, वाचून दाखव बरं."

मी वाचलं. प्रयोगानंतर निरोगी असलेल्या प्राण्याला शक्यतो मारू नये, सांभाळायला द्यावं.

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"हे शक्यतो कायले घातलं? म्या तं नव्हतं सांगतलं."

"असंच करतात, काका. म्हणजे कोणी विरोध करत नाही."

"मंग शक्य हाय का नाही, हे ठरवन कोन?"

"ज्यांचे ससे, ते."

"बरं. मंग आपून शक्य करून टाकू."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी सशांसाठी खुराडा बांधला. चहूकडून जाळी, वर टिन, मुंगूस शिरू नये म्हणून खाली फरशी, दाराला दोन कड्या. मी पाहायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "माह्या न्हाणीले अजून दार नाही लागलं, अन् सशाईले बंगला होऊन राहिला." काकांनी घरातही हात वर केला. काकूंनी त्यांचं नाव घेतलं नाही.

खुराड्याचे मोठे फोटो घेऊन ते मीटिंगला आले. सर म्हणाले, "वा काका, छान. आपण बघू."

दिवाळीच्या सुट्टीआधी सशांवरचा एक प्रयोग संपला. सुट्टीत चारा-पाणी करायला माणूस नव्हता. काकांना देऊ या, असं मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, "त्यांची जागा मान्यताप्राप्त आहे का?" ती मान्यता कोणी द्यायची, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते टेम्पो घेऊन आले, मागे भाताचं तणस अंथरून. ससे आदल्या संध्याकाळीच मारून झाले होते.

काका रिकाम्या पिंजऱ्यांपुढे उभे राहिले. "मले सांगाचं तं होतं."

"काका, नियमात शक्यतो आहे ना," सर म्हणाले. "वाक्य तर तुमचंच आहे."

पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात लिहिलं होतं की पुनर्वसनाचा विचार झाला, पण ते शक्य नव्हतं. खाली सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. मी काकांना ते मराठीत सांगितलं आणि पुढे कुजबुजले, "सही नका करू."

"नाही केली तं पुढच्या बारी बलावतीन का मले?" तेही कुजबुजले. "खुर्ची असन तं हात वर करता येते, पोरी." आणि त्यांनी सही केली. वळणदार, पूर्ण नावाची.

पुढच्या वेळी त्यांना बोलावलं, पण निरोप समारंभाला. समितीची मुदत संपली होती आणि नव्या समितीत त्यांच्या जागी सरांचे साडू होते.

शाल दिली, नारळ दिला. सर माईकवर म्हणाले, "देशाच्या नियमात ज्यांचं वाक्य आहे, असे सदस्य आपल्याला लाभले."

काकांचा हात वर गेला.

लोकांना वाटलं, ते निरोप घेताहेत. टाळ्या सुरू झाल्या. विद्यार्थ्यांनी मोबाईल वर धरले. टाळ्या थांबल्या तरी हात तसाच होता, कोपर सरळ, पंजा पंख्याच्या दिशेने, कोणीतरी नाव घेईल म्हणून. मी मागच्या रांगेत होते.

"आता राष्ट्रगीत," सर म्हणाले.

काकांनी हात खाली घेतला आणि सावधान उभे राहिले. शाल एका खांद्यावरून घसरत गेली. ते हलले नाहीत.