देवमाशावर पाळत

वाशीमच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लागूनच एका गादीवाल्याचं दुकान होतं. मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा. रुई पिंजायची, गाद्या भरायच्या. गाळा भाड्याचा. मालक तो विकायला निघाला होता आणि आपणच घ्यायचा म्हणून यानं बरीच वर्षं पैसा साठवला होता. थोडा कमी पडत होता.

त्या थोड्यासाठी मी त्याला क्रिप्टोत ओढलं.

माझी रीत साधी होती. एखाद्या नाण्याचा अफाट साठा ज्याच्याकडे असतो, त्याला त्या धंद्यात देवमासा म्हणतात. नाव कळत नाही, पण त्याच्या वॉलेटमध्ये काय आलं, काय गेलं, हे कुणालाही मोबाइलवर दिसतं. मी ते सोयाबीनच्या बाजारासारखं वाचायचो. मोठा व्यापारी गोदाम भरू लागला की भाव चढणार. माल बाजारात उतरवू लागला की पडणार.

"काय म्हणते तुमचा देवमासा?" तो भिंतीपलीकडून ओरडायचा.

"खाऊन राह्यला."

"खाऊ द्या. आपल्यालेही काटे चाटाले भेटतीन."

एका सकाळी देवमाशानं मोठा साठा हलवला. ज्या वॉलेटमध्ये गेला त्याचा पत्ता अनोळखी, मी समजलो, नवं गोदाम. "अजून घ्या," म्हणालो. मोबाइलमधलं त्याला फारसं कळत नसे, मी म्हणेन तसं करायचा. गाळ्यासाठी राखलेलं उरलंसुरलंही त्यानं टाकलं.

जेवायच्या वेळेला मी पुन्हा पाहिलं. पत्ता गोदामाचा नव्हताच, नाणी विकायच्या बाजाराचा, एक्स्चेंजचा होता. म्हणजे माल विक्रीला आला होता.

मी माझं सगळं गुपचूप विकून टाकलं.

त्याला सांगितलं नाही. सांगायचं तर सकाळी चुकलो हे कबूल करावं लागलं असतं, आणि बाजारातली चार माणसं नुकतीच मला विचारू लागली होती. आता सांगू, मग सांगू, करता करता एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं. पलीकडे रुई पिंजणं चालूच होतं. संध्याकाळी भाव कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही.

तो आला. चेहरा पार उतरलेला.

"तुमचंही गेलं काय?"

"गेलं," मी म्हणालो.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाले लावून घेऊ नका भाऊ. अन् वहिनीले आजच सांगू नका, घाबरतीन."

गाळा दुसऱ्यानं घेतला. गादीवाला केनवडला सासऱ्याकडे गेला, तिथल्या अंगणात गाद्या भरू लागला.

गेल्या महिन्यात मी तिथं गेलो आणि सगळं सांगितलं. विकलं तेही, खोटं बोललो तेही. तो गादीला टाके घालत होता. हात थांबला.

"जेवाच्या टायमालेच समजलं होतं तुमाले?"

"हो."

"मी तं बाजूलेच होतो."

आत कपबशा वाजल्या. मान न वळवता त्यानं बायकोला सांगितलं, "चाय रहने दे."