सुरय्यानं उबवायला घेतलेली कासवाची अंडी

सुरय्या माझी शाळेपासूनची मैत्रीण. कुंडलला तिच्या घरामागं गावठी कोंबड्यांची पिल्लं काढायचं छोटं मशीन आहे. तिच्याकडचं अंडं सहसा वाया जात नाही. गावातल्या बायका घरची खुडूक कोंबडी सोडून हिच्याकडं अंडी आणतात.

गेल्या वर्षी तिचे अब्बा, इलाहीचाचा, नदीकाठच्या मळीत वांग्यांसाठी खणत होते. कुदळीशेजारी पांढरी, गोल अंडी निघाली. लिंबाएवढी. कासवाची. मऊ पाठीचं हे कासव कृष्णेत आता क्वचित दिसतं. अंडी घालायला त्याला काठ उरलेला नाही. चाचांनी अंडी बादलीत घालून घरी आणली.

"आवं अब्बा, तितंच पुरायची की!"

"आन् कुत्र्यांना जेवान द्यायचं व्हय? दोन माज्या मागंच हुबी हुती."

सुरय्यानं तसराळ्यात वाळू भरली, त्यात अंडी मांडली आणि मशीनमध्ये ठेवली. मग मला फोन केला.

"शिवांजली, सांगलीत कासवातलं कोन हाय का बघ. ही जगली पायजेत गं. दारात आल्यात."

अंकिता सापडायला मला आठवडा लागला. ती सांगलीत नदीतल्या कासवांसाठी काम करते. गाडीवर तिला मागं बसवून मी कुंडलला नेलं.

अंकिता वाकली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची फुली होती. तिचा चेहरा उजळला.

"वरची बाजू कळावी म्हणून खूण केलीत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

सुरय्या लाजली. "सांगायचं काय त्यात? खालनं गोल पन हाय. सकाळी फुली वर, सांजच्याला गोल वर. एक येळ चुकवली न्हाई, ताई."

अंकिता त्या फुलीकडंच बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानंच.

मग तिनं हळू सांगितलं. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. कासवीण अंडी पुरून निघून जाते. ती कुणी फिरवत नाही. आतला जीव पहिल्या एक-दोन दिवसांत कवचाला वरून चिकटतो. त्या चिकटण्यावरच तो जगतो. उलटा केला तर मरतो.

"मग आता?" सुरय्यानं विचारलं.

"आता हात लावायचा नाही."

वनखात्याला कळवून अंडी तिथंच ठेवली. सुरय्या रोज वाळू ओली करायची आणि हात मागं घ्यायची. बरेच आठवडे गेले. मग वास आला. मी अंकिताला पुन्हा घेऊन गेले. तिनं एक अंडं फोडलं. आत शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं, काळपट. बाकीचीही तशीच निघाली.

"म्हंजे मीच मारलं."

"कुदळीच्या धक्क्यानंही गेलं असेल. बादलीत हिंदकळूनही. आता सांगता येत नाही."

"तसं नगा बोलू. एक काय ते सांगा."

अंकितानं माझ्याकडं पाहिलं. मला काय ठाऊक?

चाचांनी अंडी परसात पुरली. अंकिता बसनं परत गेली. सांजेला मशीनची घंटी वाजली. कोंबडीची अंडी फिरवायची वेळ. सुरय्या ट्रेपाशी जाऊन थांबली. हात पुढं जाईना.

"फिरव की," मी म्हटलं. "ही फिरवायचीच असतात ना?"

"व्हय."

"मग?"

"तू फिरव."

मी एकेक अंडं उचलून उलटं ठेवलं. प्रत्येक वेळी तिच्याकडं बघत होते. ती होही म्हणत नव्हती आणि नाहीही.