पुसलेली चेटकीण

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सौदीच्या विमानतळावर आमची एक व्हिडिओ कॅसेट तपासणीसाठी काढून घेतली गेली आणि काही आठवड्यांनी परत मिळाली, तेव्हा तिच्यातली चेटकीण पुसलेली होती. मामाने अमेरिकेत टीव्हीवरून टेप केलेला तो हॅलोविनचा, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या सणाचा, कार्यक्रम होता: जुनी कार्टून्स आणि मधूनमधून ती सादर करणारी, काळा झगा घातलेली खरीखुरी बाई. सौदीतल्या अल-खोबर शहरातल्या आमच्या इमारतीतल्या मुलांना मी, मामाकडे पाहिलेल्या याच बाईचं वर्णन करून, परत आलेली कॅसेट आधी लावून न बघताच बोलावलं होतं. पहिलं कार्टून संपलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. "व्हेअर इज युवर विच? झूठी!" शेजारची मैत्रीण म्हणाली. सगळे उठायला लागले. आईने दारामागचा काळा, पायघोळ अबाया काढून अंगावर चढवला, हातात झारा घेतला आणि ती टीव्हीसमोर उभी राहिली. "बसा रे! पुढचं भूत माझ्या ओळखीचं आहे." बाबांनी धावत जाऊन खिडकी लावली. "अगं, खाली घरमालक आहे. इथे जादूटोण्याला बंदी आहे, कफीलच्या कानावर गेलं तर नोकरी खलास!" कफील म्हणजे ज्याच्या नावावर बाबांचा व्हिसा होता तो मालक. "बाहेर त्यांच्या नियमाने घालते, घरात माझ्या मर्जीने घालीन," आई म्हणाली आणि तिने खिडकी उघडली. मुंग्या आल्या की दर वेळी ती उभी राहिली, शेवटच्या कार्टूनपर्यंत. गेल्या महिन्यात मी ती कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. मधल्या मुंग्या कापून टाकू का, असं दुकानदाराने विचारलं. मी नको म्हटलं.