काकूंची एका दिवसाची सहल

तोंडात टाचण्या धरून स्पष्ट बोलता येणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. ओठांच्या एका कोपऱ्यात चार-पाच टाचण्या, दुसऱ्या कोपऱ्यातून बोलणं चालू. "बेताचं ठेवू. लय ढगळ न्हाई, लय तंग न्हाई." ब्लाउज असो, चहातली साखर असो, नाहीतर सुनेला धाकात ठेवण्याविषयी कुणी मागितलेला सल्ला असो, काकूंचं उत्तर एकच. बेताचं ठेवू.

परभणीकडच्या सेलूला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन. काका जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या वजनकाट्यावर होते. मी शाळेत शिकवते म्हणून काकू मला "बाई" म्हणायच्या, वयानं मी त्यांच्या लेकीएवढी असले तरी. तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेल, जिथं काम नसतानाही पाच मिनिटं टेकावंसं वाटतं. मी रोज टेकत असे.

त्यांना मुलगा होता, एकच. पुण्याला कंपनीत लागला होता. एका रविवारी मित्रांबरोबर सह्याद्रीत, दाट जंगलातल्या एका धबधब्यावर गेला आणि खालच्या डोहात बुडाला. बाकीची मुलं पलीकडे धारेखाली पोहत होती. हा एकटा खडकावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसला होता. शेवाळावरून पाय घसरला असावा. पाण्याच्या आवाजात त्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही.

ही हकिगत गल्लीत सगळ्यांना माहीत होती. तिच्या आधीची मात्र काकूंनी मला एकटीलाच सांगितली. मी शाळेचा गणवेश शिवायला टाकायला गेले होते. मशीन चालवता चालवता त्या म्हणाल्या, "बाई, मला लय चांगलं पोहता येतंय, ठावं हाय का?"

मला हसू आलं. गुडघेदुखीनं जिना न चढणाऱ्या काकू!

"वालूरला, माहेरी, आमच्या हिरीत शिकले. भावानं पाठीला वाळला भोपळा बांधला अन् दिलं ढकलून. आठवीत होते तवा मी वरून उडी मारायचे. पोरं बघत उभी राहायची." मशीन थांबलं. "अन् पोटच्या पोराला पाण्यात पाय घालू दिला न्हाई."

मुलगा लहान असताना शेजारचं एक पोर कॅनॉलमध्ये वाहून गेलं होतं. त्यानंतर महिनाभरात काकूंचा मुलगा ओल्या चड्डीनं घरी आला. काकूंनी त्याला लाकडी पट्टीनं झोडपलं आणि स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पुन्हा पाण्यात उतरायचं नाही.

"त्यानं शपथ मोडली न्हाई वो," काकू म्हणाल्या. "काठावरच बसला होता."

त्यांनी पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी सहलीचा विषय काढला. हो, त्या "सहल" असंच म्हणाल्या. "बाई, तुमचा भाऊ पुण्याला असतो ना? तिथून सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत माघारी येता येतंय म्हणं. मला ते पाणी बघायचंय."

मी टाळत राहिले. पावसाळ्यात रस्ता खचतो, जळवा लागतात, तुमचे गुडघे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मग दिवाळीनंतर जाऊ." कुठल्या गाडीनं निघायचं, डब्यात काय घ्यायचं, सगळं ठरवू लागल्या. दशम्या टिकतात, शेंगदाण्याची चटणी सांडत नाही. मग एक दिवस मला मशीनवर गडद निळ्या रंगाचं कापड दिसलं. काकू स्वतःसाठी पंजाबी ड्रेस शिवत होत्या. आयुष्यभरात फार तर नऊवारीतून सहावारीत आलेल्या काकू.

"हे कशाला?"

"लुगड्यात पाय अडकतात पाण्यात."

मी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, "काकू, मनात दुसरं काही नाही ना?"

त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. "जीव द्यायला एवढ्या लांब कशाला जाऊ? वालूरला हिरी काय कमी हायेत का?"

काकांना त्यांनी काही लपवलं नाही. निघायच्या दिवशी काका स्टेशनवर आले. गाडी सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन मला म्हणाले, "नेताय तर न्या. माघारी मात्र आणा." काकू दुसरीकडे बघत होत्या.

पुण्याहून भावानं गाडी आणि धबधब्याजवळच्या गावातला एक माहितगार माणूस ठरवून दिला होता. गाडीरस्ता संपला आणि जंगल सुरू झालं. आपल्याकडची बाभूळ, लिंब, लांबवर उघडं पडलेलं काळं रान पाहणाऱ्या डोळ्यांना ते जंगल अंगावर येतं. झाडावर झाड, त्यावर वेली, भर दुपारी जमिनीला ऊन नाही. काकू माझ्या खांद्याचा आधार घेत चालत होत्या. एकदाच म्हणाल्या, "एवढी झाडं अन् एक बी वळखीचं न्हाई. कुणाला इचारावं माणसानं?"

डोह आला. वरून बारीक धार पडत होती. हिरवं, स्थिर पाणी. काठावर पोहण्यास मनाई असल्याची पाटी. माहितगारानं एक चपटा खडक दाखवला आणि मान खाली घातली.

निळ्या ड्रेसातल्या काकूंनी चप्पल काढली.

"आजी, उतरू नका. आम्हाला परवानगी नाही," तो म्हणाला.

"उतरायलाच आलेय, दादा."

मी दंड धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हात सोडला. का सोडला ते आजही मला सांगता येत नाही. माहितगारानं पिशवीतला दोर काढून हाताशी घेतला.

जिना न चढणारी ती बाई पाण्यात शिरली आणि पोरीसारखी हलकी झाली. मान वर, हात लांब, आवाजसुद्धा नाही. त्या धारेपर्यंत गेल्या, वळल्या, त्या खडकापाशी आल्या आणि त्याला हात लावून थांबल्या. मग बुडी मारली. मी किंचाळले. माहितगार कमरेइतक्या पाण्यात शिरला. तेवढ्यात त्या वर आल्या, पुन्हा खाली गेल्या, पुन्हा वर. तळ शोधत होत्या.

बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. मी टॉवेल गुंडाळला. त्या डोहाकडे बघत बसल्या.

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "बाई, एवढंच पाणी? मला वाटलं, लय मोठं असंल. समुद्रावाणी असंल. हे तर... एका दिवाळीच्या सुट्टीत शिकवला असता मी त्याला."

दशम्या तशाच परत आल्या.

मन मोकळं झालं, दुःख हलकं झालं, असं काही घडलं नाही. तसं घडलं असतं तर मला लिहायला बरं वाटलं असतं. काकू पूर्वीसारख्या शिवत राहिल्या, पण बोलणं आटलं. गल्लीतल्या मुलींना पोहायला शिकवा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "आता कुणाला?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं. परभणीला हलवलं, पण त्या परत आल्या नाहीत. अंगात झुंजायचं बळ होतं, असं डॉक्टर म्हणाले. काका म्हणाले, बळ होतं, पण तिनं लावलं न्हाई.

तेराव्यानंतर काका माझ्याकडे आले. खुर्चीवर न बसता उंबऱ्याशी टेकले. टोपी हातात फिरवत राहिले.

"एक इचारू का, बाई? तिथं ती रडली का?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"पोराला आणलं त्या दिवशी रडली न्हाई. पुढं बी कधी न्हाई. मी रडायलो की उठून जायची. म्हणून इचारतो."

"त्या पाण्यात होत्या, काका," मी म्हणाले. "चेहरा सगळा ओला होता. मला कळलं नाही."

काकांनी टोपी डोक्यावर घातली, सारखी केली.

"असंल मग," ते म्हणाले. "पाण्यात रडली असंल."